पेट्रिऑन, यूट्यूब की यूपीआय? क्रिएटरनं आपले सभासद नेमके कुठे गोळा करायचे?

यूट्यूबवर काही चॅनेलच्या नावाखाली 'सबस्क्राइब'च्या शेजारी 'जॉइन' असं आणखी एक बटण दिसतं. सबस्क्राइब करायला पैसे लागत नाहीत, जॉइन व्हायला दर महिन्याला लागतात. त्या बदल्यात सभासदांना खास व्हिडिओ, लाइव्हमध्ये नावापुढे बॅज किंवा एखादा वेगळा ग्रुप मिळतो. इन्स्टाग्रामवर आता अशीच सोय आहे. पेट्रिऑन, सबस्टॅक, को-फाय या सेवा तर याच कामासाठी निघाल्या.

त्यामुळे रेसिपी दाखवणाऱ्यापासून शेअर बाजार समजावून सांगणाऱ्यापर्यंत अनेक क्रिएटरांसमोर एकच प्रश्न आहे : सभासद करायचे तर कोणत्या प्लॅटफॉर्मवर?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना बहुतेक जण आधी कमिशन बघतात. कोण ५ टक्के घेतं, कोण १०, कोण ३०. पण आशियातल्या गेल्या काही वर्षांच्या घडामोडी बघितल्या तर कमिशनच्या आधी दोन गोष्टी तपासायला हव्यात असं दिसतं. तुमचा प्रेक्षक ज्या पद्धतीनं रोज पैसे देतो, ती पद्धत तिथे चालते का? आणि उद्या तो प्लॅटफॉर्म बंद झाला, तर तुमचे सभासद तुम्हाला पुन्हा सापडतील का?

मेंबरशिप म्हणजे जुनी वर्गणीच, पण...

मराठी वाचकाला ही कल्पना नवीन नाही. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेल्या 'साधना'सारखी नियतकालिकं वर्गणीदारांच्या बळावर चालत आली आहेत. वार्षिक वर्गणीदार, आजीव वर्गणीदार, मनीऑर्डरनं येणारे पैसे, हे सगळं महाराष्ट्रानं पाहिलं आहे.

ऑनलाइन जगात हीच कल्पना २०१३ मध्ये पेट्रिऑननं रुजवली. तिच्या संस्थापकांपैकी जॅक कॉन्टे हा स्वतः संगीतकार. त्यानं बराच खर्च करून एक म्युझिक व्हिडिओ बनवला. तो लाखो लोकांनी पाहिला, पण जाहिरातीतून मिळालेली रक्कम खर्चाच्या मानानं नगण्य होती. लाखो प्रेक्षकांच्या जाहिरातींवर अवलंबून राहण्यापेक्षा मोजक्या चाहत्यांनी दर महिन्याला थोडे पैसे दिले तर? या विचारातून पेट्रिऑन जन्माला आलं.

जाहिरातीचं उत्पन्न महिन्या-महिन्याला वर-खाली होतं. अल्गोरिदम बदलला की व्ह्यूज पडतात. सभासदांचे पैसे त्या मानानं स्थिर असतात, आणि म्हणूनच क्रिएटरांना मेंबरशिप हवी असते. पण ही स्थिरता एका गोष्टीवर उभी आहे : दर महिन्याला सभासदाच्या खात्यातून पैसे आपोआप कापले गेले पाहिजेत. गाडी अडते ती नेमकी इथेच.

एका डॉलरचा धडा

डिसेंबर २०१७ मध्ये पेट्रिऑननं एक बदल जाहीर केला. कार्ड व्यवहाराचा खर्च यापुढे क्रिएटरऐवजी सभासदानं भरायचा, तोही प्रत्येक वर्गणीमागे २.९ टक्के अधिक ३५ सेंट. कंपनीच्या मते यात क्रिएटरचा फायदा होता.

पण पेट्रिऑनवर असे असंख्य लोक होते, जे दहा-दहा क्रिएटरांना प्रत्येकी एक डॉलर देत होते. त्यांच्या एका डॉलरचे आता जवळपास १ डॉलर ३८ सेंट होणार होते. लोकांनी धडाधड वर्गण्या रद्द केल्या आणि आठवडाभरात कंपनीनं माफी मागून निर्णय मागे घेतला.

यातून एक साधी गोष्ट समोर आली. व्यवहाराच्या टक्केवारीपेक्षा त्याच्यावरचा ठरावीक आकार लहान रकमेला जास्त खातो. अमेरिकेत कार्ड व्यवहारांसाठी २.९ टक्के अधिक ३० सेंट हा दर सर्रास दिसतो. दहा डॉलरच्या वर्गणीत तो जाणवत नाही. एका डॉलरच्या वर्गणीत मात्र जवळपास एक तृतीयांश रक्कम प्लॅटफॉर्मचं कमिशन कापण्याआधीच जाते.

आशियात बहुतेक ठिकाणी वर्गणी छोटीच ठेवावी लागते. भारतात महिन्याला ८००-९०० रुपये देणारा प्रेक्षक विरळा, ५० किंवा १०० रुपये देणारा मात्र मिळू शकतो. त्यामुळे अमेरिकी कार्डांचा हिशोब डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली व्यवस्था इथे जशीच्या तशी चालत नाही.

भारतात २०२१ मध्ये काय बदललं?

भारतीय क्रिएटरांच्या दृष्टीनं २०२१ हे वर्ष महत्त्वाचं ठरलं. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या.

पहिली, १ एप्रिल २०२१ पासून पेपालनं भारतातली देशांतर्गत सेवा बंद केली. म्हणजे पुण्यातल्या लेखकाला न्यू जर्सीतला वाचक पेपालनं पैसे पाठवू शकतो, साताऱ्यातला वाचक पाठवू शकत नाही.

दुसरी, १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ऑटो-पेमेंटचे नियम पूर्णपणे लागू झाले. कार्डवरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे असतील तर सुरुवातीला ओटीपीसारखी अतिरिक्त पडताळणी हवी. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जायला हवी. ठरावीक मर्यादेच्या वरच्या रकमेला प्रत्येक वेळी पडताळणी हवी. ही मर्यादा आधी ५ हजार रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५ हजार झाली.

ग्राहकाच्या बाजूनं पाहिलं तर नियम चांगलाच आहे. विसरलेल्या सबस्क्रिप्शनचे पैसे गुपचूप कापले जाणं थांबलं. पण ज्या परदेशी सेवांनी भारतीय बँकांशी ही यंत्रणा जोडून घेतली नाही, त्यांची भारतीय कार्डांवरची मासिक पेमेंट फेल होऊ लागली. खुद्द अ‍ॅपलनं २०२२ मध्ये अ‍ॅप स्टोअरवर भारतीय कार्ड घेणं थांबवलं. सभासदाची पैसे द्यायची इच्छा होती, कार्डात पैसे होते, तरी वर्गणी जमा होत नव्हती.

त्यात मे २०२४ मध्ये आणखी एक भर पडली. स्ट्राइप या पेमेंट कंपनीनं भारतात नवी खाती फक्त निमंत्रणावर द्यायला सुरुवात केली. सबस्टॅकवर वाचकांकडून पैसे घ्यायचे तर स्ट्राइपचं खातं लागतं. त्यामुळे भारतातल्या नव्या लेखकाला सबस्टॅकवर न्यूजलेटर सुरू करता येतं, पण त्याची वर्गणी घेणं अवघड होऊन बसलं. को-फाय देणगीवर काहीच कमिशन घेत नाही आणि मेंबरशिपवर ५ टक्के घेतं, म्हणून ते स्वस्त वाटतं. पण तिथेही पैसे येतात ते पेपाल किंवा स्ट्राइपमार्फतच. कमिशन कमी असून उपयोग काय, जर साताऱ्याच्या वाचकाला पैसेच भरता येत नसतील?

दुसरीकडे जुलै २०२० मध्ये एनपीसीआयनं यूपीआय ऑटोपे आणलं. एकदा पिन टाकून मंजुरी दिली की दर महिन्याला बँक खात्यातून थेट पैसे जातात. कार्डाची गरज नाही. भारतातल्या लहान वर्गणीसाठी याहून सोपा रस्ता सध्या नाही.

जपान, इंडोनेशिया, चीन : प्रत्येकाची वेगळी खिडकी

'आशियाई बाजारपेठ' असा शब्द सर्रास वापरला जातो. पण पैसे देण्याच्या बाबतीत आशिया ही एक बाजारपेठ नाहीच.

जपानमध्ये चित्रकार आणि मांगा कलाकारांसाठी पिक्सिव या कंपनीनं २०१८ मध्ये फॅनबॉक्स ही सेवा खुली केली. कमिशन १० टक्के. पेट्रिऑनवर नव्यानं येणाऱ्या क्रिएटरांनाही ४ ऑगस्ट २०२५ पासून १० टक्केच पडतात. मग जपानी कलाकार फॅनबॉक्सकडे का जातो? कारण त्याचा चाहता आधीपासून पिक्सिववर आहे, सगळं जपानी भाषेत आहे आणि दर येनमध्ये आहेत.

इंडोनेशियात क्रेडिट कार्ड असलेले लोक थोडे आहेत. गोपे, ओव्हीओ, डाना अशी मोबाइल वॉलेट तिथे घरोघरी पोहोचली आहेत. १७ ऑगस्ट २०१९ रोजी, म्हणजे देशाच्या स्वातंत्र्यदिनी, तिथल्या मध्यवर्ती बँकेनं 'क्यूआरआयएस' हा सगळ्या वॉलेटना चालणारा एकच क्यूआर कोड आणला. याच पायावर सावेरिया, ट्राक्तीर, कार्याकारसा अशा स्थानिक सेवा उभ्या राहिल्या. ट्राक्तीरवर चाहता क्रिएटरला कॉफी पाजत नाही, 'चेंडोल' पाजतो. चेंडोल म्हणजे नारळाचं दूध, गूळ आणि हिरव्या शेवयांचं तिथलं थंड पेय. रक्कम छोटी, पैसे द्यायची पद्धत रोजची आणि भाषा आपली. परदेशी सेवांना हे तिन्ही एकत्र जमवणं कठीण जातं.

चीनमध्ये हे चित्र आणखी वेगळं आहे. वीचॅटवर लेख आवडला तर लेखकाला थेट बक्षिसी देण्याची सोय होती. एप्रिल २०१७ मध्ये ती आयफोनवर बंद झाली. अ‍ॅपलचं म्हणणं होतं की हे अ‍ॅपमधलं पेमेंट आहे, त्यामुळे त्यात आमचा वाटा हवा. पुढे जानेवारी २०१८ मध्ये तडजोड झाली. पण लेखक आणि वाचक यांच्यामध्ये फोन बनवणारी कंपनीही उभी असते, हे तेव्हाच स्पष्ट झालं होतं.

आयफोनवर जॉइन झालं तर महाग का पडतं?

वीचॅटच्या लेखकांना जो अनुभव आला तोच सात वर्षांनी पेट्रिऑनच्या क्रिएटरांना आला. ऑगस्ट २०२४ मध्ये पेट्रिऑननं कळवलं की आयफोनच्या अ‍ॅपमधून होणाऱ्या नव्या वर्गण्या अ‍ॅपलच्या पेमेंट यंत्रणेतून घ्याव्या लागतील आणि त्यावर अ‍ॅपल ३० टक्के घेईल. क्रिएटरसमोर दोनच पर्याय उरले : अ‍ॅपमधली किंमत वाढवायची किंवा नुकसान स्वतः सोसायचं. एप्रिल २०२५ च्या न्यायालयीन आदेशामुळे अमेरिकेत बाहेरच्या पेमेंटचा रस्ता मोकळा झाला, पण तो आदेश अमेरिकेपुरता होता.

आशियातही सरकारं यात उतरली आहेत. दक्षिण कोरियानं २०२१ मध्ये, जगात सगळ्यात आधी, अ‍ॅप स्टोअरनं स्वतःचीच पेमेंट यंत्रणा सक्तीची करण्यावर कायद्यानं बंदी घातली. त्यानंतर गूगल आणि अ‍ॅपल यांनी बाहेरचं पेमेंट चालू दिलं, पण त्यावरही २६ टक्क्यांपर्यंत शुल्क ठेवलं. जपानचा असाच कायदा डिसेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे लागू झाला. भारतात स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या बिलिंग धोरणावरून गूगलला ९३६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणानं तो सुमारे २१६ कोटींवर आणला.

हे वाद संपेपर्यंत क्रिएटरच्या हातात एक उपाय आहे. सभासद होण्याची लिंक ब्राउझरमध्ये उघडायला सांगायची, अ‍ॅपमध्ये नाही.

२०० सभासदांचा हिशोब

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका मराठी चॅनेलला २०० सभासद आहेत आणि प्रत्येक जण कर सोडून महिन्याला १०० रुपये देतो. एकूण २० हजार रुपये.

यूट्यूब कर आणि लागू असेल तिथे अ‍ॅप स्टोअरचं शुल्क वजा करून उरलेल्या रकमेच्या ७० टक्के क्रिएटरला देतं. शुल्क नसेल तर हातात १४ हजार.

तोच क्रिएटर स्वतःची वेबसाइट काढून पेमेंट गेटवेमार्फत यूपीआय ऑटोपे घेऊ लागला तर? गेटवे साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतात, म्हणजे १०० रुपयांमागे २ रुपये ३६ पैसे. हातात १९ हजार ५२८.

फरक साडेपाच हजारांचा. वरवर पाहता निर्णय सोपा वाटतो. पण हे गणित एका गृहीतकावर उभं आहे : दोन्हीकडे सभासद २०० च असतील. प्रत्यक्षात यूट्यूबचं बटण व्हिडिओच्या खालीच असतं आणि प्रेक्षक तिथे आधीच लॉगिन असतो. वेगळ्या वेबसाइटवर जायचं, नाव भरायचं, पासवर्ड ठेवायचा, इथे बरेच जण गळतात. स्वतःच्या वेबसाइटवर १४४ सभासद आले तर यूट्यूबच्या २०० सभासदांइतके पैसे सुटतात. त्याहून कमी आले तर ३० टक्के देऊनही यूट्यूबच परवडलं.

शिवाय वेबसाइटचा खर्च, पासवर्ड विसरलेल्यांचे मेसेज, परतावा, पावत्या हे सगळं क्रिएटरच्या अंगावर येतं. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणीही आली. यूट्यूब जे ३० टक्के घेतं त्यात या कामाचीही किंमत आहे.

या दोन्हींच्या मधला एक रस्ता भारतात खूप वापरला जातो. 'गूगल पे करा, स्क्रीनशॉट पाठवा, टेलिग्राम ग्रुपमध्ये घेतो.' कमिशन शून्य. २०-२५ जणांपर्यंत हे निभतं. शंभरच्या वर गेलं की कोणाचा महिना कधी संपला, कोणी भरले, कोणी नाही, हे वहीत लिहिण्यातच क्रिएटरचा वेळ जातो. खोट्या स्क्रीनशॉटचा त्रास वेगळाच.

आणि प्लॅटफॉर्मच गेला तर?

कमिशनच्या तक्त्यात न दिसणारी जोखीम म्हणजे प्लॅटफॉर्मचं अस्तित्व. याचं सगळ्यात ठळक उदाहरण दक्षिण कोरियाचं आहे.

गेमिंगच्या थेट प्रक्षेपणासाठी ट्विच तिथे लोकप्रिय होतं. स्ट्रीमर त्यावर मासिक सभासद गोळा करत होते. पण कोरियातल्या इंटरनेट कंपन्या घेत असलेलं नेटवर्क शुल्क इतर बहुतेक देशांच्या दहापट असल्याची ट्विचची तक्रार होती. सप्टेंबर २०२२ मध्ये खर्च वाचवायला त्यांनी कोरियात व्हिडिओचा दर्जा ७२०पी पर्यंत खाली आणला. डिसेंबर २०२३ मध्ये माघारीची घोषणा केली आणि २७ फेब्रुवारी २०२४ रोजी कोरियातला व्यवसाय बंद केला.

स्ट्रीमरांकडे तीनेक महिने होते. काही जण आफ्रिकाटीव्हीवर गेले, ज्याचं नाव पुढे 'सूप' झालं. काही नेव्हर कंपनीच्या नव्या 'चिजिजिक'वर गेले. प्रेक्षक बरोबर आणता आले तरी पैसे भरणारे सभासद आपोआप आले नाहीत. चाहत्यांना नव्या जागी पुन्हा पैसे भरायला सांगावं लागलं.

कोरियातल्या स्ट्रीमरांना निदान तेवढा वेळ मिळाला. भारतात २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी आली तेव्हा तोही मिळाला नाही. महाराष्ट्रातल्या गावागावांत लाखो फॉलोअर असलेल्यांचा प्रेक्षक एका रात्रीत दिसेनासा झाला. भारतीय भाषांसाठी निघालेलं 'कू' २०२० मध्ये आलं आणि जुलै २०२४ मध्ये बंद झालं. म्हणजे प्लॅटफॉर्म देशी की परदेशी, यानं फरक पडत नाही.

फरक पडतो तो यादीनं. पेट्रिऑनवर क्रिएटरला सभासदांचे ईमेल पत्ते दिसतात. सबस्टॅकवरून वाचकांची यादी उतरवून घेता येते. यूट्यूबवर सभासदांची नावं दिसतात, पण ईमेल मिळत नाहीत. तिथे जमवलेले ५०० सभासद हे व्यवहारात यूट्यूबचे ग्राहक असतात. चॅनेल हॅक झालं किंवा स्ट्राइक आली, तर त्यांच्याशी बोलायचा दुसरा मार्ग उरत नाही.

मराठी क्रिएटरसाठी याचा अर्थ काय?

मराठी प्रेक्षक दोन ठिकाणी विभागला आहे. मोठा भाग महाराष्ट्रात आणि गोव्यात. त्याचा खिसा यूपीआयशी जोडलेला आणि परवडणारी रक्कम लहान. छोटा भाग अमेरिका, ब्रिटन, आखातात. त्याच्याकडे आंतरराष्ट्रीय कार्ड आहे, पाच-दहा डॉलर त्याला जड नाहीत, पण यूपीआय ऑटोपे त्याच्या सोयीचं नाही. एकच प्लॅटफॉर्म या दोघांनाही सोयीचा पडेल अशी शक्यता कमी.

म्हणून दोन खिडक्या ठेवणं व्यवहार्य ठरतं. भारतासाठी यूट्यूब मेंबरशिप किंवा यूपीआय ऑटोपे, परदेशासाठी पेट्रिऑन किंवा पेपाल चालणारी सेवा. परदेशातून येणाऱ्या पैशांत चलन बदलण्याचा खर्च धरावा. अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे मिळालेल्या यूट्यूब उत्पन्नावर तिथला करही कापला जातो. करविषयक फॉर्म भरलेल्या भारतीय क्रिएटरसाठी तो १५ टक्के आहे. फॉर्मच भरला नाही, तर वैयक्तिक खात्यावर अमेरिकेतल्याच नव्हे, तर जगभरातल्या उत्पन्नातून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते.

सुरुवात करणाऱ्यानं आधी यूट्यूबचं बटण लावून लोक पैसे देतात का हे पाहावं. तिथे आगाऊ खर्च काहीच नाही. पण पहिल्या दिवसापासून सोबत एक मोफत ईमेल न्यूजलेटर ठेवावं आणि सभासदांना त्यात यायला सांगावं. दोन-तीनशे सभासद झाले आणि त्यातले बरेच वर्षभर टिकले, की स्वतःच्या वेबसाइटचा विचार करावा. तोपर्यंत नव्या जागी किती जण सोबत येतील याचा अंदाजही त्या न्यूजलेटरवरून आलेला असतो.

यूपीआय ऑटोपेबद्दल एक गोष्ट आधीच ठाऊक असलेली बरी. पैसे कापण्याच्या आदल्या दिवशी सभासदाला सूचना जाते. म्हणजे दर महिन्याला त्याला एकदा आठवण होते की आपण कशासाठी पैसे देतोय. महिनाभर काही नवीन आलं नसेल, तर नेमक्या त्याच दिवशी तो ऑटोपे बंद करतो. बरेच क्रिएटर म्हणूनच वार्षिक वर्गणीचा पर्याय देतात. त्यात सूचना वर्षातून एकदा जाते आणि व्यवहाराचा खर्चही एकदाच पडतो.

मासिकं चालवणाऱ्यांची पद्धतही हीच होती. वर्गणी वर्षाची आणि पत्त्यांची वही कार्यालयात. छापखाना बदलला, टपालाचे दर वाढले, तरी अंक कोणाला पाठवायचा हे त्या वहीत लिहिलेलं असायचं. आजच्या क्रिएटरनं प्लॅटफॉर्म कोणताही निवडला तरी ती वही प्लॅटफॉर्मकडे राहणार की आपल्याकडे, हे 'जॉइन'चं बटण लावायच्या आधी बघून घ्यायला हवं.